उतरलेल्या सेलवर बसवलेली गाणी

आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी कुणीतरी जुनं गाणं टाकतं आणि खाली लिहितं, 'काय ते दिवस होते.' मग पन्नाशीला टेकलेले वीस-पंचवीस जण रडके चेहरे आणि लाल बदाम पाठवतात. गेल्या आठवड्यात एकीनं आमच्या बँडचा विषय काढला. 'आपल्या पेठेतला पहिला मुलींचा बँड' असं तिनं लिहिलं होतं. मी तेव्हा माझ्या फौंड्रीत होते, भट्टी सुरू होती, आणि त्या आवाजातही मला हसू आलं. तो बँड मी काढला होता. तो काय लायकीचा होता ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आधी आवडीनिवडीचं सांगते. सोळाव्या वर्षी आम्हाला आवडणारी गाणी भिकार होती. त्या काळात चांगली गाणीही होती, पण ती आमच्या आईवडिलांना आवडायची, म्हणून आम्ही ती ऐकत नसू. आम्हाला विरहाची गाणी लागायची. विरह कुणाचा, तर कुणाचाच नाही. आमच्यापैकी एकीचंही कुणाशी जमलेलं नव्हतं, त्यामुळे तुटायचा प्रश्नच नव्हता. तरी मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर चौघी जणी गुडघ्यांत डोकं घालून कुणा बेइमान माणसाबद्दल ऐकत बसायचो, आणि आई खालून विचारायची, "कुणाचं पोट दुखतंय काय गं?"

गझलाही ऐकायचो. त्यातला दर तिसरा शब्द कळायचा नाही, आणि न कळलेल्या शब्दावरच माना जास्त हलायच्या. पुण्याच्या आतेभावानं दिलेली एक इंग्रजी कॅसेट होती. ती मी पूर्ण एकदाच ऐकली आणि डोकं धरून बसले. पण कुणी घरी आलं की दिसावी म्हणून ती कायम चळतीत सगळ्यात वर असायची. बाकीच्या कॅसेट आम्ही भरून घ्यायचो. दुकानदाराला वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची, तो साठ मिनिटांच्या कॅसेटवर जितकी बसतील तितकी कोंबायचा, आणि शेवटचं गाणं हमखास अर्ध्यात कापलं जायचं. एका गाण्याचा शेवट मी तिसाव्या वर्षी कुणाच्या तरी लग्नात ऐकला. तो ऐकला नसता तरी काही बिघडलं नसतं.

अकरावीत गेल्यावर मला वाटायला लागलं की नुसतं ऐकून भागणार नाही, आपला बँड पाहिजे. टेपरेकॉर्डर माझा आणि माडी माझी, म्हणून गायिका मी. आवाज बरा होता. बरा म्हणजे वर्गात कविता म्हणायला उभं करतात तेवढा. डॉक्टरांच्या मुलीकडे बोंगो होते. तिच्या वडिलांनी ते गोव्याहून शोकेसमध्ये ठेवायला आणले होते आणि ते तिथंच राहिले असते तर बरं झालं असतं, कारण तिचा ताल म्हणजे जिन्यावरून बादली गडगडत जावी तसा होता. तिसरीला काहीच येत नव्हतं, म्हणून ती निवेदिका. तिच्याकडे शेरांची एक वही होती आणि प्रत्येक गाण्याआधी तिला दोन शेर वाचायचे असत. बँडचं नाव ठरवायला आम्ही दोन आठवडे घालवले. एवढा वेळ एकाही गाण्याला दिला नाही.

चौथी तेवढी खरी वाजवणारी होती, आणि तिचीच आम्हाला लाज वाटायची. तिच्या वडिलांची बेंजो पार्टी होती. हळदीला, वरातीला, मिरवणुकीला हातगाडीवर कर्णे बांधून वाजत जाते ती. टाइपरायटरसारखी बटणं असलेला बेंजो, ढोलकी, ताशा, खुळखुळे, पाच-सहा माणसं आणि सगळ्यांना एकसारखे चकचकीत शर्ट. वरातीत लोक त्यांच्यापुढे अंगात आल्यासारखे नाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच वाजवणारे रस्त्यात भेटले तर ओळख द्यायचे नाहीत. आम्हीही त्यातल्याच.

ती दहा-बारा वर्षांची असल्यापासून वाजवत होती. शिकवलं कुणी नव्हतं. वडील सरावाला बसले की ती मागे बसून बघायची आणि ते जेवायला उठले की बेंजो पुढ्यात ओढायची. तिला वडिलांच्या पार्टीत बसायचं होतं. तिला एवढंच हवं होतं. आमच्यासारखं तिला पार्श्वगायिका, हवाईसुंदरी आणि जमल्यास दोन्ही व्हायचं नव्हतं. वडील म्हणायचे, बेंजो पार्टीत पोरगी कुणी बघितल्या? तिनं वर्षभर भुणभुण लावली तेव्हा ते एवढ्यावर आले, "चार लोकांसमोर बसून एक गाणं पयल्यापासनं शेवटपर्यंत वाजवून दाखव. वाजलं तर बघू. फसलं तर परत बेंजोला हात लावायचा न्हाय."

म्हणून ती आमच्यात आली. आमच्यावर जीव होता म्हणून नव्हे. पेठेतल्या तालमीचं मंडळ गणपतीत एका दुपारी बायका-मुलींचा कार्यक्रम ठेवायचं आणि त्यात मी आमच्या बँडचं नाव घातलं होतं. चार लोक तिला तिथं मिळणार होते.

मला खरं तर गिटार हवी होती. गिटार कुणाकडेच नव्हती. तेव्हा मी तिला सांगितलं की बेंजो चालेल, पण तो दिसायला नको. आमच्या टीव्हीवर भरतकाम केलेलं एक कव्हर होतं, ते मी बेंजोवर टाकलं. हात त्याच्या आत घालून वाजवायचं.

"बटणं दिसत न्हाईत की मला," ती म्हणाली.

"तू न बघताच वाजवतेस."

"वाजवतो. पण मग झाकायचं कशाला?"

"लोकांना कळू नये म्हणून."

"काय कळू नये?"

उत्तर डॉक्टरांच्या मुलीनं दिलं. "अगं, हळदीला आल्यागत वाटतं ते."

ती कव्हराखाली हात घालून वाजवायला लागली.

आता सेलचं सांगायला हवं. माडीवर विजेचा पॉइंट नव्हता, त्यामुळे टेप सहा मोठ्या सेलवर चालायचा. नवे सेल मागितले की आई म्हणायची, "आधीचे उन्हात ठेव." आमच्या पेठेत सगळेच तसं करायचे. सेल गच्चीवर ओळीनं मांडायचे, कुणी दातानं चावायचं, कुणी दगडानं ठोकायचं, आणि त्यानं ते भरतात अशी सगळ्यांची खात्री होती. विज्ञान शाखेला प्रवेश घेतलेली डॉक्टरांची मुलगीही ते चावायची. त्यात ऑगस्टात कोल्हापुरात ऊन ते किती. सेल गच्चीवर आणि आम्ही ढगांकडे बघत.

सेल उतरले की टेप मंद होतो. पण एकदम नाही. इतका सावकाश होतो की रोज ऐकणाऱ्याला कळत नाही. ज्या एका गाण्याचा आम्ही टेपबरोबर सराव करायचो, त्यातली बाई महिनाभर दर दोन दिवसांनी थोडी थोडी थकत गेली, तिचा आवाज जाड होत गेला, आणि आम्ही तिच्या मागोमाग खाली उतरत गेलो. मला तर वाटलं माझी तयारी वाढतेय. सुरुवातीला ज्या वरच्या जागांवर माझा आवाज चिरकायचा, त्या आता सहज लागत होत्या. मी घरी आईला सांगितलंही, की सरावानं काय होतं बघ.

बेंजोवाल्यांच्या मुलीला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं.

"टेप उतरलाय. सेल बदला," ती म्हणाली.

मी म्हणाले, "तुझ्या कानात बापाचा कर्णा बसलाय."

सगळ्या हसल्या. निवेदिकेला तर इतकं आवडलं की तिनं ते शेरांच्या वहीत लिहून घेतलं. मग ती पोरगी रोज आली की आधी टेप ऐकायची, बेंजोच्या खुंट्या पिळून तारा तेवढ्याच खाली उतरवायची आणि वाजवायची. शेवटच्या आठवड्यात तिनं पुन्हा सांगितलं, "काळी पाचचं गाणं हाय हे. आपण पांढरी पाचवर आलोय. तीन घरं खाली." पेटीच्या पट्ट्यांवरून सूर सांगायची ही भाषा मला तेव्हा येत नव्हती. येत नाही असं मी म्हणाले नाही. "सगळ्यांचं सारखं आहे ना, मग झालं," असं म्हणाले.

कार्यक्रम दुपारी चारला होता. मंडप भरला होता, कारण आरतीनंतर प्रसाद होता. आम्ही चौघींनी एका रंगाच्या ओढण्या घेतल्या होत्या. विंगेतून, म्हणजे पडद्याला दोरी बांधून केलेल्या आडोशातून, ती एकसारखी बाहेर बघत होती.

"आलेत," ती म्हणाली.

तिचे वडील मंडपाच्या खांबाजवळ उभे होते. चकचकीत शर्ट घातला नव्हता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, हातांची घडी. एवढ्या बायकांत ते एकटेच पुरुष असे होते की ज्यांना प्रसादाची घाई नव्हती.

मंडळानं साथीला एका ऑर्केस्ट्रातले दोघे बोलावले होते. त्यांतल्या कीबोर्डवाल्यानं आमची पाळी आल्यावर मला विचारलं, "ताई, पट्टी कुठली?"

मी म्हणाले, "ओरिजिनल."

मागून माझी ओढणी ओढली गेली. "पांढरी पाच सांग त्यांना. माझ्या तारा खाली हायत."

"गप. खालची पट्टी मागितली तर हसतील ते."

"हसू देत की."

"तू तारा वर घे."

"आता? हितं? महिनाभर सैल हायत त्या."

"तिचे शेर होईपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले.

तिनं एकदा खांबाकडे बघितलं आणि खुंट्या पिळायला घेतल्या. दुसरा इलाज नव्हता. तारा खाली ठेवल्या तर सगळं बेसूर, म्हणजे फसलंच. वर घेतल्या तर तरतील किंवा तुटतील. तो सगळा खेळ मी तिच्यासाठी ठरवून टाकला होता, आणि तोही ऑर्केस्ट्रातली दोन अनोळखी माणसं मला हसतील या भीतीनं.

निवेदिकेचा दुसरा शेर संपला. "आणि हवाईन गिटारवर साथ करत आहे," असं ती म्हणाली, आणि मधली तार तुटली. माइक जवळच होता. कुणीतरी ताट आपटावं तसा आवाज मंडपभर झाला. पुढच्या रांगेतल्या बायका दचकल्या. तिनं कव्हर काढून बाजूला ठेवलं, कारण आता तारा बघायलाच हव्या होत्या, आणि सगळ्यांना बेंजो दिसला.

"अगं बाई, बेंजो हाय की," एक बाई म्हणाली. "कसली गिटार?"

हसू पिकलं. तेवढ्यात कीबोर्डवाल्यानं गाणं सुरू केलं होतं. ते आमच्या गाण्यापेक्षा इतकं वर आणि इतकं जोरात धावत होतं की पहिल्या ओळीला मला वाटलं हे वेगळंच गाणं आहे. वरची जागा आली तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं त्याला आवाज म्हणता येणार नाही. बोंगो आमच्या जुन्या चालीनं मागून रांगत होते. एक कडवं कसंबसं झालं आणि मी नमस्कार केला. ती बेंजोपुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं एकही सूर वाजवला नव्हता.

उतरताना कीबोर्डवाला मला म्हणाला, "खाली पाहिजे होतं तर सांगायचं की ताई. एक बटण दाबलं की होतंय."

तिचे वडील आडोशात आले. त्यांनी बेंजो पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि तिला एवढंच म्हणाले, "लावलेला बेंजो स्टेजवर कोण पिळत बसतं? एवढं पण कळंना व्हय तुला?" तिनं माझ्याकडे बघितलं नाही आणि माझं नावही घेतलं नाही. मी हातभर अंतरावर मंडळानं दिलेला नारळ घेऊन उभी होते. त्या दिवसापासून बेंजोची पेटी त्यांच्या घरी कपाटावर गेली आणि तिला हात लावायची बंदी झाली.

ग्रुपवर गेल्या आठवड्यात जी हसाहस झाली ती या तार तुटण्यावर. 'हवाईन गिटार' एकीला अजून आठवते. पुढचं कुणाला ठाऊक नाही.

दिवाळीनंतर मी तिच्या घरी गेले. पश्चात्तापानं वगैरे नाही. कॉलेजचं गॅदरिंग जवळ आलं होतं, मी पुन्हा बँडचं नाव घातलं होतं, आणि बोंगो आणि शेर यांवर कार्यक्रम होत नाही एवढं मला कळलं होतं. मला ती हवी होती. तिला वाजवायची परवानगी हवी असेल तर तिच्या वडिलांशी बोलणं भाग होतं. मी हिशेबीच होते, अजून आहे.

ते दारात बसून ढोलकीच्या दोऱ्या ओढत होते.

"काका, गणपतीत तिची चूक नव्हती."

"मग कुणाची?"

"माझी. तिनं मला खालची पट्टी सांगायला सांगितलं होतं. मी सांगितली नाही. तारा वर घे म्हणाले."

"का न्हाय सांगितली?"

"लोक हसतील म्हणून."

"मग हसले न्हाईत व्हय?"

"हसले."

त्यांनी एक दोरी ओढली, ढोलकीवर टिचकी मारून ऐकलं. "आणि ते गिटारीचं काय हुतं?"

"तेही मीच सांगितलं होतं. कव्हरसुद्धा आमच्याच टीव्हीचं होतं."

"ह्यो बेंजो माझ्या बानं वाजवला, आता मी वाजवतोय," ते म्हणाले. "आजवर कुणी त्याच्यावर फडकं टाकलं न्हवतं." मला वाटलं आता हाकलतील. पण त्यांनी आत हाक मारली. "ए, भाईर ये जरा."

ती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. मला बघून तिला आनंद झाल्याचं काही दिसलं नाही.

"ही म्हणत्या ते खरं हाय?"

"काय म्हणत्या?"

"पट्टीचं."

"व्हय."

"मग मला का बोलली न्हाईस?"

"तुम्ही विचारलं कुठं? पेटी उचलली आणि निघाला."

त्यांनी हातातल्या दोरीला गाठ मारली. मग म्हणाले, "हात धू. बेंजो काढ. तार घाल."

तिनं स्टुलावर चढून पेटी काढली. डब्यातून नवी तार घेतली, घातली, आणि खुंटी पिळायला बसली. थोडं पिळायची, थांबायची, तारेला बसू द्यायची, ऐकायची, परत पिळायची. पाव तास गेला असेल. महिनाभर आमच्या माडीवर तिला कुणी एवढा वेळ दिला नव्हता. वडील तिच्याकडे बघतही नव्हते, दोऱ्या ओढत होते. मग तिनं आमचंच ते गाणं वाजवलं. ते फालतू गाणं होतं, आजही माझं मत तेच आहे. पण ते पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाजलं, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांच्या हातातली ढोलकी आपोआप सुरू झाली.

संपल्यावर ते म्हणाले, "वरातीला न्हाय न्यायचो मी तुला. गर्दी वंगाळ असती. हळदीला चल. तिथं म्होरं बायकाच असत्यात."

"कंच्या हळदीला?" तिनं विचारलं.

"वडगावला हाय की. लगीन ठरलंय तिथल्या एका घरात, निरोप आलाय."

ती "बरं" म्हणाली आणि बेंजो पुसायला लागली. मी संधी साधली. गॅदरिंगची तारीख सांगितली, मुख्य गाणं तिचंच ठेवू म्हणाले, कव्हर नको म्हणाले, निवेदिकेला 'बेंजो' असंच म्हणायला लावते म्हणाले.

तिनं वडिलांना विचारलं, "हळद कधी हाय?"

त्यांनी सांगितलं. तोच दिवस होता.

"मग न्हाय जमायचं मला," ती मला म्हणाली.

"अगं, एकच दिवस. पार्टीत बाकीचे आहेत की."

"पहिलीच हळद हाय माझी. तुझं तू बघ काहीतरी." तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच काम होतं आणि माझ्याशी बोलण्यात वेळ जात होता.

गॅदरिंगला मी एकटी बोंगोच्या साथीनं विरहाचं गाणं गायले. टाळ्या लगेच पडल्या, कारण पुढे बक्षीससमारंभ होता आणि लोकांना घरी जायचं होतं. आमचा बँड तिथं संपला. तो संपला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वडगावची हळद त्याच संध्याकाळी पाचला झाली. तिथं तिनं कसं वाजवलं ते मी बघितलेलं नाही. पण आठवडाभरात त्याच घरच्या नात्यात आणखी एक हळद निघाली, आणि त्या बायकांनी 'पोरगीला घेऊन या, नाहीतर येऊ नका' असा निरोप धाडला. हे मला तिनं सांगितलं नाही. तिच्या वडिलांनी सांगितलं, भर रस्त्यात सायकल थांबवून, एक पाय खाली टेकवून. पुढे कोपऱ्यावर पानपट्टीवाला होता, त्यालाही ते सांगायला थांबले.